विचारलं होतं कुणाला?

आपल्या सॉफ्टवेअरवाल्या जमातीची एक फार लाडकी समजूत आहे. जगात दोनच प्रकारची माणसं असतात: तंत्रज्ञान समजणारी आणि तंत्रज्ञानाला विरोध करणारी. हापिसात जेवणाच्या टेबलावर कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाविरुद्धच्या मोर्च्याची किंवा याचिकेची बातमी निघू द्या, पाच मिनिटांत निकाल लागतो. "यांना काही कळत नाही रे, उगाच खोडा घालायचा." मग कुणीतरी बँकांतल्या कॉम्प्युटरचं उदाहरण काढतो ("तेव्हाही युनियनवाले असेच बोंबलत होते!"), कुणीतरी चीन कुठे पोचला ते सांगतो, आणि ताक पिऊन मंडळी परत आपापल्या क्यूबिकलमध्ये.

आज या समजुतीवर जरा सविस्तर तोंडसुख घ्यायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं. एखादं तंत्रज्ञान आपल्यावर कसं वापरलं जावं हे सांगायला ते आतून कसं चालतं हे कळावं लागत नाही. ज्याच्यावर ते वापरलं जाणार त्याला आधी विचारायला हवं, त्याला समजेल अशा भाषेत विचारायला हवं, आणि तो काय म्हणाला ते सगळ्यांना वाचता यायला हवं. हे आपल्याकडे क्वचित होतं, आणि ते न होण्याला आपल्या जमातीचा भरघोस हातभार लागतो. पटत नसेल तर जरूर भांडू, पण आधी पूर्ण वाचा.

सुरुवात आपल्याच पराक्रमापासून करू. २७ मार्च २०१५ ला ट्रायने लोकांची मतं मागवणारा एक कागद काढला. ११८ पानं, २० प्रश्न, आणि भाषा अशी की वाचता वाचता डोळा लागावा. विषय मात्र झोप उडवणारा होता. व्हॉट्सॲप-स्काईपसारख्या सेवांना परवाना लावावा का? टेलिकॉम कंपन्यांनी अमुक साइट फुकट आणि तमुक साइटला वेगळे पैसे असं करावं का? काही स्वयंसेवकांनी बसून तो कागद सोप्या भाषेत उलगडला, उत्तरांचा मसुदा तयार करून ठेवला, एआयबीच्या पोरांनी त्यावर व्हिडिओ केला, आणि २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून जास्त मेल जाऊन पडले. मधे १४ एप्रिलला फ्लिपकार्टने एअरटेल झीरोमधून अंग काढून घेतलं. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने साइटनुसार वेगवेगळे दर लावायला बंदी केली. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख.

मेल पाठवणाऱ्या दहा लाखांत मीही होतो, तुमच्यातलेही पुष्कळ असतील. आता प्रामाणिकपणे सांगा, त्या दहा लाखांपैकी किती जणांना राउटिंग म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवता आलं असतं? डीप पॅकेट इन्स्पेक्शन हे शब्द किती जणांनी त्याआधी ऐकले होते? बहुतेकांना एवढंच कळत होतं की रस्ता ज्याच्या मालकीचा आहे त्याने माझ्या गाडीत कोण बसलंय ते बघून टोल ठरवू नये. तेवढं पुरेसं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की "आधी नेटवर्किंगची परीक्षा पास करा, मग बोला." कारण बोलणारे आपण होतो! इंग्रजी येणारे, लॅपटॉपवाले, ज्यांचा व्हॉट्सॲप कॉल महाग होणार होता ते.

याच गोष्टीचा उत्तरार्ध जास्त शिकवणारा आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने दरांबद्दल दुसरा कागद काढला, तेव्हा फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्ससाठी मोहीम उघडली. फेसबुक उघडलं की समोर बटण: दाबा आणि पाठिंबा द्या. लाखो बटणं दाबली गेली. ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला जे सुनावलं त्याचा मथितार्थ असा की आम्ही काही प्रश्न विचारले होते, या मेलमध्ये त्यांची उत्तरंच नाहीत; हे मत मागवणं आहे, मतदान नव्हे. मला हा निकष फार आवडतो. डोकी किती जमली हे महत्त्वाचं नाही, विचारलेल्या प्रश्नाला धरून तुम्ही काय सांगितलंत ते महत्त्वाचं. लोकसहभाग म्हणजे नुसती गर्दी, असं म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे.

असो. तर हा झाला आपला विजय. आता दुसरी लढाई बघू. हीदेखील तंत्रज्ञानाबद्दलचीच होती आणि आपल्याच राज्यात झाली, पण आपल्या टेबलावर तिचा विषय कधी निघाल्याचं मला आठवत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. तालुक्या-तालुक्याच्या कार्यालयांत जाऊन फोन टेबलावर ठेवले. कारण काय? २०१९ मध्ये मिळालेला फोन २ जीबी रॅमचा. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा भुर्दंड ताईंच्या माथी. त्यात १ मार्च २०२१ पासून केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवीन ॲप आलं, ते त्या फोनवर धड चालेना, आणि मुख्य म्हणजे माहिती भरायची ती इंग्रजीत. आधीच्या ॲपमध्ये मराठी होती, नव्यात गेली. मुलांची वजनं-उंच्या, गरोदर बायकांच्या नोंदी, सगळं यातून जाणार. ताईंची मागणी काय होती? चांगला फोन द्या आणि ॲप मराठीत द्या. मोबाईल नकोच, वही-पेनच बरं, अशी ती मागणी नव्हती.

आता हे आपल्या भाषेत मांडतो. किमान हार्डवेअर न ठरवता ॲप रिलीज केलं. आधीच्या आवृत्तीत असलेली भाषा नव्या आवृत्तीत काढली, म्हणजे शुद्ध रिग्रेशन. ज्या व्यक्तीने ते दिवसभर वापरायचं तिच्या हातात ते आधी देऊन बघितलं की नाही, अशी शंका यावी असा कारभार. आणि एवढं झाल्यावर वापरणाऱ्यांनी अत्यंत नेमका बग रिपोर्ट दिला: अमुक फोन, अमुक ॲप, अमुक अडचण, अमुक दुरुस्ती. फरक एवढाच की आपला बग रिपोर्ट जिरामध्ये जातो, त्यांना तो मोर्चा काढून द्यावा लागला. माझ्या मते २०२१ मधलं महाराष्ट्रातलं ते सर्वांत मोठं सॉफ्टवेअर टेस्टिंग होतं. बातम्यांमध्ये त्याला "आंदोलन" म्हणाले.

आपल्या धंद्यात एक भानगड आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. क्लायंट वेगळा आणि युजर वेगळा. पैसे देतो तो क्लायंट, वापरतो तो युजर. गिऱ्हाईक स्वतःसाठी वस्तू घेतं तेव्हा दोघं एकच असतात, म्हणून खराब ॲप आपण काढून टाकतो आणि कंपनीला अद्दल घडते. सरकारी कामात क्लायंट मंत्रालयात बसतो आणि युजर पाड्यावर. युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंगच्या कागदावर सही होते, नाव "युजर"चं आणि सही साहेबांची! मी अशा बैठकांना बसलेलो आहे. "फील्डवरची दोन माणसं बोलवू या का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "त्यांचं ट्रेनिंग नंतर घेऊ." म्हणजे आधी बूट शिवायचा आणि मग पायाला ट्रेनिंग द्यायचं.

आणि पायाला काय काय सोसावं लागतं बघा. नागपूर, चंडीगड, पंचकुला इथल्या पालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कोण किती वाजता कुठे होता हे नकाशावर ठिपक्यांनी दिसणार. चंडीगडला कामगारांनी याविरुद्ध निदर्शनं केली, तर आपल्यासारख्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "कामचुकारांना लागलं वाटतं." बरं, हेच घड्याळ आपल्या कंपनीने आपल्याला बांधलं तर? दिवसाला किती वेळा चहाला उठलात, टॉयलेटमध्ये किती मिनिटं होतात? रात्रीच्या आत राजीनाम्यांचा पाऊस पडेल आणि त्यात "प्रायव्हसी" हा शब्द दहादा येईल. कामगाराने तोच शब्द न वापरता तीच गोष्ट सांगितली तर ती तक्रार अडाण्याची कशी होते?

आता आधारकडे येतो. (हो, येणारच होतो.) नुसता कालक्रम बघा. प्राधिकरण स्थापन झालं २००९ मध्ये. पहिला क्रमांक दिला गेला २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. विधेयक संसदेत आलं डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे क्रमांक वाटायला सुरुवात झाल्यावर. डिसेंबर २०११ मध्ये संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने ते नापसंत करून परत पाठवलं. वाटप चालूच. कायदा झाला मार्च २०१६ मध्ये, तोही धन विधेयक म्हणून. त्याच्या पुढच्याच महिन्यात शंभर कोटी क्रमांक पूर्ण झाल्याची घोषणा झाली. थोडक्यात, आधी प्रॉडक्शनमध्ये टाकलं, शंभर कोटी युजर झाले, आणि मग रिक्वायरमेंटच्या कागदावर सह्या केल्या. आपल्या कंपनीत कुणी असं केलं तर त्याला काय म्हणतो आपण?

याच्याविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? कुणी आयआयटीचा प्राध्यापक नव्हे, कुणी सुरक्षा तज्ज्ञ नव्हे. के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, वय तेव्हा ८६. त्यांचा प्रश्न बोटांच्या ठशांच्या अल्गोरिदमबद्दल नव्हताच. कायदा नसताना हे कुठल्या अधिकाराने चाललंय, हा होता. त्या एका प्रश्नातून २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल निघाला आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक मताने आधार टिकलं, पण खाजगी कंपन्यांना ते वापरायला देणाऱ्या तरतुदीला कात्री लागली. आज आपण प्रायव्हसीच्या नावाने ज्या गप्पा मारतो त्यांच्या मुळाशी एका "नॉन-टेक्निकल" म्हाताऱ्या माणसाचा अर्ज आहे.

त्याच खटल्यात, मार्च २०१८ मध्ये, प्राधिकरणाने न्यायालयापुढे सादरीकरण केलं, त्यात सरकारी सेवांसाठी ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के असल्याचं सांगितलं गेलं. १२ टक्के फेल्युअर! आपल्याकडे एखाद्या सेवेचा एरर रेट १२ टक्के झाला तर रात्री दोनला फोन वाजतो आणि व्हाइस प्रेसिडेंट कॉलवर येतो. इथे त्या १२ टक्क्यांत कोण होतं? विटा उचलून, भांडी घासून, वयाने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या ती माणसं. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बोट लावून काहींचं जमलंही असेल. पण आपण ज्याला "एज केस" म्हणतो तो रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभा असतो, आणि त्याच्यासाठी तो अपवाद नसतो, तो त्याचा महिना असतो.

"अरे पण मग प्रगती कशी होणार? लोकांना विचारत बसलो तर लोक नाहीच म्हणणार." हा यावरचा नेहमीचा टोला. लोक नाहीच म्हणतात हे कुणी सांगितलं?

आधी ते बँकांचं लाडकं उदाहरण घेऊ. बँक युनियननी विरोध केला हे खरं आहे. पण त्या विरोधाचं पुढे काय झालं हे टेबलावर कुणी सांगत नाही. १९८३ मध्ये कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबद्दल रीतसर करार झाला, १९८४ मध्ये सी. रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि यंत्रं टप्प्याटप्प्याने आत आली. भांडून, बसून, अटी घालून आली. कॉम्प्युटर आलेच की! ज्याला आपण खोडा म्हणतो त्याचं दुसरं नाव वाटाघाटी.

दुसरं उदाहरण याहून झणझणीत. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावी शेतकरी संघटनेच्या हाकेवरून हजाराहून जास्त शेतकरी जमले आणि त्यांनी सरकारची मान्यता नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं सर्वांदेखत पेरलं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता, हे माहीत असून. म्हणजे हा सविनय कायदेभंग नवं तंत्रज्ञान मिळावं म्हणून होता! शरद जोशींनी "तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य" ही मागणी मांडली होती, तिचा हा पुढचा अंक. तुम्हाला जनुकीय बियाणं पटो न पटो (त्या बियाण्याबरोबर येणाऱ्या तणनाशकाबद्दल मला स्वतःला शंका आहेत), पण "शेतकरी म्हणजे तंत्रज्ञानाला घाबरणारा" हे चित्र यात कुठे बसतं? एकाच राज्यात एक गट ॲप सुधारा म्हणतो, दुसरा बियाणं द्या म्हणतो. दोघांचं सामाईक म्हणणं एकच: आमच्या कामाबद्दल आमच्याशिवाय ठरवू नका.

आणि विचारलं तर काय होतं याचाही नमुना आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. ते विकसित करणारी महिको आपल्या जालन्याची. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम निर्णयाआधी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या: कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद, बंगळुरू. सुमारे आठ हजार माणसं आली. शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपनीचे लोक, वैद्य, गृहिणी. आरडाओरडा झाला, घोषणा झाल्या, वांगी नाचवली गेली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली आणि आपली कारणं जोडपत्रांसकट जाहीर केली. निर्णय चूक होता म्हणणारे शास्त्रज्ञ तेव्हाही होते, आजही आहेत. शेजारच्या बांगलादेशाने तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं. निर्णयावर वाद घाला, खुशाल घाला. पण वाद घालता येतो, कारण कोण काय म्हणालं आणि मंत्र्याने काय मानलं हे कागदावर आहे. तुमच्या-माझ्या चेहऱ्याचा डेटाबेस कुणी, कशासाठी, कुठल्या चुकीच्या दराने वापरायचा हे ठरलं, त्याचा असा कागद दाखवा पाहू.

लोक नेहमी बरोबरच असतात असं माझं म्हणणं अजिबात नाही. २०२१ मध्ये जुही चावला ५जीच्या लहरींविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २० लाखांचा दंड घेऊन आल्या. (२०२२ मध्ये तो २ लाखांवर आला.) लसींबद्दलच्या अफवांचा ताप तर सगळ्यांनी भोगलाय. पण गंमत बघा, अफवा कुठे उगवतात? जिथे अधिकृत उत्तर मिळत नाही तिथे. प्रश्न विचारायला रीतसर जागा ठेवली नाही की तो प्रश्न व्हॉट्सॲपवर जातो आणि तिथून शेपटी-शिंगं लावून परत येतो. सुनावणीत चुकीचा मुद्दा आला तर तिथेच चार जण खोडून काढतात.

मग अशी जागा आहे का? कारखान्यांसाठी आहे. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेप्रमाणे तुमच्या तालुक्यात मोठा सिमेंटचा कारखाना यायचा असेल तर जनसुनावणी घ्यावी लागते. वर्तमानपत्रात किमान तीस दिवस आधी नोटीस. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा माणूस अध्यक्षस्थानी. चित्रीकरण. शेवटी कोण काय म्हणालं ते स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. पुष्कळ ठिकाणी याचा फार्स होतो, पोलीस बंदोबस्तात दहा मिनिटांत उरकतात, हे मान्य. पण फार्स झाला म्हणून ओरडता तरी येतं, कारण नियम आहे. शंभर कोटींना स्पर्श करणाऱ्या सॉफ्टवेअरला असा नियमच नाही!

जी काही सल्लामसलत होते ती अशी: एका साइटवर इंग्रजी पीडीएफ आणि शेवटची तारीख. २०१४ मध्ये केंद्राने ठरवलंय की कुठलाही कायदा करण्याआधी मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. छान. पण कुठल्या भाषेत? २०२० मध्ये पर्यावरणीय अधिसूचनेचा नवा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जूनला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत तो उपलब्ध करा. आणि उत्तरांचं काय होतं? २०१५ मध्ये ट्रायने दहा लाख लोकांचे मेल त्यांच्या पत्त्यांसकट जगाला उघडे करून दाखवले, म्हणजे एक टोक. ३ जानेवारी २०२५ ला वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा निघाला तेव्हा दुसरं टोक: आलेल्या सूचना कुणालाच दाखवल्या जाणार नाहीत. मोठ्या कंपनीने काय मागितलं आणि त्यातलं काय मिळालं हे मला कळणार नाही. पत्ते झाका, मुद्दे दाखवा, इतकं सोपं आहे हे. दोन कॉलमची टेबल आहे, त्यातला एक कॉलम लपवायचा. शिकाऊ पोरगंसुद्धा करेल.

आणि काळ थांबलेला नाही. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहारासाठी पोषण ट्रॅकरवर चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. सहा महिने ते तीन वर्षांच्या पोराचा खाऊ घ्यायला आईने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला तर पाकीट. त्याआधी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी. मोबाईल नवऱ्याकडे आणि नवरा ऊसतोडीला गेलेला असेल तर? नेटवर्क नसेल तर? बाळंतपणाने चेहरा उतरलाय आणि मशीन ओळखत नाही म्हणालं तर? हे प्रश्न विचारायला न्यूरल नेटवर्क कळावं लागत नाही, अंगणवाडीत एक दिवस बसावं लागतं. ठिकठिकाणच्या ताई पुन्हा निदर्शनं करताहेत. तिकडे २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने पोलिसांसाठी एआय आणायला "मार्वल" नावाची कंपनीच काढली, मुख्यालय नागपूर. गुन्ह्यांचा तपास सोपा झाला तर मला आनंदच आहे. पण आपल्या टेबलावरच्या किती जणांनी तिचं नाव तरी ऐकलंय? चुकून माझ्याकडे बोट दाखवलं तर दाद कुणाकडे मागायची, हा एक प्रश्न तरी कुणी विचारलाय?

नुसतं बोंबलून काय उपयोग, म्हणून माझ्या मागण्या लिहितो. एक, ज्या सरकारी सॉफ्टवेअरवर माणसाचा शिधा, पगार, पेन्शन किंवा अटक अवलंबून आहे त्याची सुरू होण्याआधी जनसुनावणी व्हावी, मराठीत. दोन, चाचणीच्या कागदावर प्रत्यक्ष वापरणाऱ्याची सही असावी आणि चाचणीचे आकडे, चुकीच्या दरासकट, जाहीर असावेत. तीन, यंत्र नाही म्हणालं तर त्याच दिवशी माणसाने हो म्हणायची सोय असावी. चार, आलेल्या सूचना आणि त्यांवर घेतलेले निर्णय उघड असावेत.

स्वप्नरंजन वाटतंय? राजस्थानात १३ सप्टेंबर २०१९ ला जन सूचना पोर्टल सुरू झालं. गावात रेशन कुणाला किती मिळालं, रोजगार हमीचं काम कुणाच्या नावावर लागलं, ही माहिती अर्ज न करता तिथे दिसते. ते बनवताना सरकारच्या आयटी खात्याची माणसं आणि मजदूर किसान शक्ती संघटनेसारख्या संघटनांची माणसं एका टेबलाशी बसत, काय हवं काय नको ते ठरवत. १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेऊन, हजेरीपटातली खोटी नावं मोठ्याने वाचून दाखवून ज्या संघटनेने माहिती अधिकाराचा पाया घातला, तिने सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट लिहायला मदत केली. आपल्यातला कुठला बिझनेस ॲनालिस्ट याहून चांगल्या लिहिणार आहे?

आता आपल्याबद्दल. २०१५ मध्ये खरं काम काय झालं होतं? ११८ पानांचा कागद कुणीतरी दोन पानांत समजेल असा केला. बाकी सगळं त्यानंतर झालं. ते करायला जे लागतं ते आपल्याकडे ढिगाने आहे: इंग्रजी वाचता येतं, टेंडरच्या कागदात काय लपवलंय ते दिसतं, "९९ टक्के अचूक" म्हटलं की "उरलेला एक टक्का कोण?" हा प्रश्न सुचतो. ताईंकडे रोजचा अनुभव आहे, आपल्याकडे तो कागदी भाषेत उतरवायची कला आहे. पुढचा मसुदा येईल तेव्हा त्याचं मराठीत दोन पानी टिपण करा. गावाकडच्या अंगणवाडीत, रेशन दुकानात, वॉर्ड हापिसात तासभर बसून या. मग जे दिसलं ते धरून, विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर देणारी, एक पानाची सूचना पाठवा आणि त्यांच्याही सह्या घ्या.

मुदत बहुतेक वेळा तीस दिवसांची असते. त्यात चार शनिवार-रविवार येतात.